डेटाबेसशिवाय वेबसाइट : किल्ली कुणाकडे?

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या विषयावर बोलायला समाजकार्य शिकलेल्या बाईला का उभं केलं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. प्रश्न रास्त आहे. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण एमएसडब्ल्यू करताना आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती : केसची नोंद कशी ठेवायची, ती कुठल्या कपाटात ठेवायची आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असायची. वेबसाइट कशावर उभी करायची हा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. गेल्या वर्षी आमच्या समुपदेशन केंद्राची वेबसाइट नव्याने करायचं ठरलं, तेव्हा जवळजवळ चार महिने आम्ही हा प्रश्न धरून बसलो होतो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

वेबसाइट कशासाठी हवी, हे आधी बोलू. देणगीदार पाहतात, पाहू देत. पण रात्री घर झोपल्यावर एखादी बाई फोनवर हळूच शोधते, 'नवरा मारतो, काय करायचं', तिच्यासाठी आपण ही पानं लिहितो. संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं, १८१ वर फोन केला तर पुढे काय, पोटगीचा अर्ज कुठे करायचा, हे तिला साध्या मराठीत मिळायला हवं. फोन बऱ्याचदा तिचा एकटीचा नसतो. नेट संपत आलेलं असतं. पान उघडायला वेळ लागला तर ती फोन ठेवून देते, आणि पुन्हा शोधायची संधी तिला कधी मिळेल ते आपल्याला सांगता येत नाही.

आता आमच्या ओळखीच्या एका संस्थेचं काय झालं ते ऐका. त्यांना एका व्यावसायिकाने वेबसाइट करून दिली. दिसायला देखणी, फिरती चित्रं वगैरे. दोन वर्षांनी तो माणूस फोन उचलेनासा झाला. वेबसाइटला जोडलेले डझनभर प्लगिन तसेच जुने होत पडले. मग एके दिवशी मोबाइलवरून ती उघडली की जुगाराची जाहिरात येऊ लागली. ऑफिसातल्या संगणकावर मात्र सगळं ठीक दिसायचं, त्यामुळे आठवडाभर कुणाला पत्ताच नाही. शेवटी कुणा बाईनेच फोन करून विचारलं, "ताई, तुमची संस्था बंद झाली का?" दुरुस्तीला दुसरा माणूस आणला. त्याने सगळा मजकूर एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि मराठी पानांवर नुसत्या प्रश्नचिन्हांच्या ओळी उमटल्या. इंग्रजीतलं सगळं शाबूत, मराठीतलं सगळं गेलं.

हे कशाने झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला या यंत्रणांमध्ये आपला मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. आपलं केंद्राचं कपाट डोळ्यांपुढे आणा. पोटगीच्या पत्रकाचा गठ्ठा एका खणात आहे. बाई आली, आपण एक पत्रक काढून तिच्या हातात दिलं. डेटाबेसमध्ये अख्खं पत्रक एका जागी नसतं. मथळा आणि मजकूर एका तक्त्यात, तो कुणी लिहिला ते दुसऱ्यात, कोणत्या विषयाखाली येतो ते तिसऱ्यात. कुणी मागितलं की एक कारकून धावत जाऊन सगळे तुकडे गोळा करतो आणि पत्रक जोडून देतो. हे काम तो फार झटपट करतो, त्यात शंका नाही. पण कारकून रजेवर गेला, बिघडला किंवा कुणी त्याला फितवला, तर कपाट आपलं असूनही आपल्याला आपलंच पत्रक वाचता येत नाही. शिवाय या कारकुनाला कोणती लिपी कळते हेही ठरवून द्यावं लागतं. मायएसक्यूएल हा वेबसाइटसाठी फार मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा डेटाबेस. २०१८ मध्ये त्याची आठवी आवृत्ती येईपर्यंत त्याची मूळची नेमणूक युरोपीय लिपीची होती. देवनागरी हवी असेल तर ती आठवणीने नेमायची. सामान हलवताना कुणी विसरलं, की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. एकदा का ते तसं साठवलं गेलं, की मूळ अक्षर परत आणता येत नाही.

हा अनुभव आपल्याला नवा आहे का? आपल्या चळवळीतल्या कितीतरी अंकांचा मजकूर नव्वदच्या दशकात श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टंकलेला आहे. त्या फाइली आज उघडा. तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. उलट १९८० साली मथुरा खटल्याच्या फेरविचारासाठी देशभर मोर्चे निघाले, त्या वेळची पत्रकं ज्यांनी जपून ठेवली त्यांना ती आजही वाचता येतात. कागद पिवळा पडला असेल, पण तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. वेबसाइटही याच कसोटीवर घासून पाहायची, असं आम्ही ठरवलं. ती बनवणारा माणूस उद्या नसला, कंपनी नसली, तर आपला मजकूर आपल्याला वाचता येईल का?

यावर उपाय म्हणून ज्या यंत्रणा आहेत त्यांना डेटाबेस लागतच नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, आणि फाइली फोल्डरमध्ये. बस्स. मजकूर बहुधा मार्कडाउन नावाच्या सोप्या पद्धतीने लिहायचा. जॉन ग्रुबर नावाच्या गृहस्थाने २००४ मध्ये ती आणली. मथळ्याआधी एक चौकटीचं चिन्ह, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या. आमच्या केंद्रातल्या साठी उलटलेल्या ताईंना हे शिकायला एक दुपार पुरली.

यातही प्रकार आहेत. ह्यूगो आणि जेकिल यांसारख्या यंत्रणा आपल्या संगणकावरच सगळी पानं शिजवून तयार करतात आणि सर्व्हरवर फक्त तयार पानं जातात. तिथे चालणारं काहीच नसल्याने फोडण्यासारखंही फारसं काही नसतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा सर्वांत चांगला पर्याय, हे मी मोकळेपणाने मान्य करते. आम्ही तो का घेतला नाही? पान बदललं की काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागतात, आणि आमच्यात ते जमणारी एकच मुलगी आहे. तिचं लग्न ठरलं, नोकरी लागली, की वेबसाइट तिथेच थांबली. एकीच्या हातात किल्ली देणं आम्हाला नको होतं. तुमच्याकडे तिघी-चौघी तशा असतील तर जरूर ह्यूगो घ्या.

डोकुविकी हा जुना आणि भरवशाचा प्रकार. २००४ पासून आहे, साध्या फाइलींवर चालतो, पानाच्या जुन्या आवृत्त्या आपोआप जपतो, आणि एक बाई पान दुरुस्त करत असताना दुसरीला त्याला हात लावू देत नाही. आतल्या कामाच्या नोंदींसाठी, शिबिरांच्या टिपणांसाठी मी तो डोळे मिटून सुचवीन. बाहेरच्या वाचकाला मात्र त्याचं रूप थोडं कोरडं वाटतं. किर्बी जर्मनीतली, फार नेटकी, पण तिचा परवाना विकत घ्यायचा असतो. ब्लूडिट हलकी आणि सोपी. आम्ही शेवटी ग्रॅव्ह घेतली. ती मुक्त आहे, पीएचपीवर चालते, म्हणजे साध्या स्वस्त होस्टिंगवर झिप फाइल उलगडली की उभी राहते, आणि वर्डप्रेससारखा लिहिण्याचा फलकही तिला जोडता येतो. एकाच फोल्डरमध्ये त्याच पानाची मराठी फाइल आणि इंग्रजी फाइल शेजारी शेजारी ठेवता येते, हे आम्हाला विशेष आवडलं. इंग्रजी पान बदललं आणि मराठी तसंच राहिलं, हे लगेच नजरेला येतं.

निवड करताना आम्ही एक परीक्षा घेतली. प्रत्येक यंत्रणेचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि नेट नसलेल्या एका जुन्या संगणकात लावलं. मग आमच्या ताईंना सांगितलं, यातून पोटगीचं पान शोधून वाचून दाखवा. ग्रॅव्हमध्ये त्यांनी पानांचं फोल्डर उघडलं, त्यात पोटगी नावाचं फोल्डर, त्यात एक फाइल, ती नोटपॅडमध्ये उघडली. समोर स्वच्छ मराठी. वर्डप्रेसच्या फोल्डरमध्ये हजारो फाइली होत्या आणि एकीतही पोटगी नव्हती, कारण मजकूर तिथे नव्हताच. ताई म्हणाल्या, "म्हणजे घर आपलं आणि दागिने सावकाराकडे."

अडचणी नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक मजेदार अडचण फक्त आपल्या मराठीची. ग्रॅव्हच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर चार ओळींत शीर्षक, तारीख वगैरे लिहायचं असतं. तिथे अपूर्णविरामाच्या दोन टिंबांना आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेला विशेष अर्थ आहे : डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. आपल्याकडे विसर्गाच्या जागी सर्रास तीच दोन टिंबं टंकतात. आमच्या एका पानाचं शीर्षक होतं, 'आधी स्वत: बोला'. यंत्रणेला वाटलं, या ओळीत आणखी एक नाव-किंमत जोडी आली, आणि पान उघडेना. पाऊण तास सगळ्याजणी पडद्याकडे बघत बसलो! खरा विसर्ग टंकला किंवा शीर्षक अवतरणचिन्हांत घातलं की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट फोल्डरच्या नावांची. ती देवनागरीत दिली तर चालतात, पण व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवला की टक्के-चिन्हांची वीतभर लांब माळ होते. म्हणून नावं रोमन लिपीत, छोटी ठेवली. आणि दोघींनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर नंतर जपणारीचा मजकूर राहतो, पहिलीचा पुसला जातो. त्यासाठी आमच्याकडे अगदी साधा नियम आहे, फळ्यावर नाव लिहायचं आणि मग पान उघडायचं.

खरा फायदा कळला तो कायदा बदलल्याचा मेळ घालताना. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ४९८ अ चं कलम आता ८५ आणि ८६ मध्ये आहे. पोटगीचं कलम १२५ नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. आमच्या जुन्या पत्रकांमध्ये ही कलमं किती ठिकाणी आणि किती तऱ्हांनी लिहिलेली असतील! मराठी आकडे, इंग्रजी आकडे, मध्ये रेघ, रेघ नाही. सगळं फोल्डर एकदम शोधता आलं आणि अर्ध्या तासात यादी हाती आली. डेटाबेसमध्येही शोधता येतं, पण त्यासाठी त्याच्या आत शिरायला जाणकार लागतो आणि तिथे एक आज्ञा चुकली तर सगळ्या पानांवर चुकते. आम्ही सरसकट बदल केला नाही, एकेक पान वाचून केला, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात. बाई गेल्या दहा वर्षांचा छळ सांगत असेल तर दोन्ही माहीत हवीत. संगणकाला हे कळत नाही, कार्यकर्तीला कळतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. डेटाबेस नाही म्हणजे आपण सुरक्षित, असा समज करून घेऊ नका. डेटाबेसमधून काय होऊ शकतं ते द्रुपलने दाखवलं. १५ ऑक्टोबर २०१४ ला त्यांनी आपल्या डेटाबेसच्या भागातली एक भेग जाहीर केली. पुढे त्यांच्याच सुरक्षा गटाने सांगितलं की ज्यांनी सात तासांच्या आत दुरुस्ती केली नाही त्यांनी आपली वेबसाइट फोडली गेली असंच धरून चालावं. सात तास! आपल्यापैकी किती संस्थांना सात दिवसांत तरी कळलं असतं? ही विशिष्ट भेग डेटाबेस नसलेल्या यंत्रणेत असू शकत नाही. पण ग्रॅव्हच्या लिहिण्याच्या फलकातही २०२१ मध्ये अशी भेग सापडली की पासवर्ड नसलेला माणूस आत शिरू शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ती लावणारी बाई हवी. आमच्याकडे दर शनिवारी एक जण नवी आवृत्ती आली का ते पाहते, सगळं फोल्डर दोन डिस्कवर उतरवते, एक केंद्रात राहते, एक विश्वस्तांच्या घरी. त्या डिस्कही कुलपात, कारण लिहिणाऱ्या बायकांच्या खात्यांच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये असतात.

आणि तक्रारीचा फॉर्म? अनेक जणी मला हा प्रश्न विचारतात. ग्रॅव्हमध्ये फॉर्म करता येतो, आणि आलेली माहिती तो सर्व्हरवरच फाइल करून ठेवू शकतो. आम्ही तो केला नाही आणि तुम्हीही करू नये असं मी आग्रहाने सांगेन. फाइल वाचायला सोपी, हा जो गुण मी मघापासून गातेय, तोच इथे धोका आहे. सर्व्हर अपाचे असेल तर ग्रॅव्हबरोबर येणारी एक छोटी फाइल अशा गोष्टींवर कुलूप लावते. सर्व्हर एन्जिनएक्स असेल तर तो ती फाइल वाचतच नाही, कुलूप वेगळं लावावं लागतं. लावलंय की नाही हे तपासायला एक मिनिट पुरतं : आपल्या एखाद्या मूळ फाइलीचा पूर्ण पत्ता ब्राउझरमध्ये टंका. मजकूर दिसला तर होस्टिंगवाल्याला त्याच क्षणी फोन करा. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पूर्वी ते २२८ अ होतं. पण कायदा नसता तरी समुपदेशनाची पहिली अट हीच. बाईचं नाव, फोन, तिची हकिगत वेबसाइटवर कुठेच असू नये, ना डेटाबेसमध्ये ना फाइलीत. तिथे फक्त आपला फोन नंबर, केंद्राची वेळ आणि माहिती. तिची नोंद आपल्या कुलूपबंद कपाटात.

पानावर 'झटकन बाहेर' असं एक बटण आम्ही ठेवलंय. नवरा किंवा सासू आली की दाबायचं, हवामानाचं पान उघडतं. मात्र फोनमधला इतिहास त्याने पुसला जात नाही, हे बटणाखालीच ठळक लिहिलं आहे. खोटी निश्चिंती देणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट.

डेटाबेस कधी घ्यावा? सभासदांची वर्गणी ऑनलाइन घ्यायची असेल, विक्री केंद्र चालवायचं असेल, हजारो नोंदींतून जिल्हा, तालुका, विषय अशी चाळणी लावायची असेल, तर जरूर घ्या. तिथे कारकून लागतोच. हजारो पानं झाली की फाइलींची यंत्रणा मंदावते. पण आपली पानं किती असतात? आमची दीडशेच्या आत आहेत आणि महिन्याला चार-पाच बदलतात. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांची पत्त्यांची यादीसुद्धा एका पानावरच्या तक्त्यात मावते.

यंत्रणा कोणतीही घ्या, वेबसाइटचं नाव संस्थेच्या नावाने नोंदवा. बनवणाऱ्याच्या नावाने नको, कार्यकर्तीच्या नवऱ्याच्या ईमेलवर तर मुळीच नको. हसू नका, असं आहे! नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घाला.

दुपारी इथे तीन संगणक मांडले आहेत. प्रत्येक केंद्राला एक पत्रक आणायला सांगितलं होतं, त्याचं आज पान करायचं आहे. ज्यांची पत्रकं जुन्या फाँटमधली आहेत त्यांना ती युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्यावी लागतील, तेव्हा त्यांनी जेवण जरा लवकर उरकावं.